घरातलं चालणं

इंदूरच्या छत्रीबागेतल्या मुळ्यांच्या घरात, पहिल्या मजल्यावर, पायातलं काही उंबऱ्याच्या आत आलं नव्हतं, त्याला एकेचाळीस वर्षं होऊन गेली होती. सिलिंडरवाला जिन्यात बूट काढायचा आणि मग सिलिंडर खांद्यावर घेऊन अनवाणी आत यायचा. एकदा ताप बघायला आलेले डॉक्टर मोज्यांवर आत आले, मोज्याला अंगठ्याशी भोक निघालं, आणि ते परत कधी आले नाहीत. हे दिनानाथांचं म्हणणं. उषाताईंच्या मते ते वारले म्हणून आले नाहीत. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात.

कायदा उषाताईंचा होता आणि त्याला कारण पक्कं होतं. देव स्वयंपाकघरात. ओट्याच्या डाव्या हाताला सागवानी देव्हारा, ओट्यापासून चार पावलांवर. जिथे देव तिथे रस्त्याची घाण नको. यावर वाद घालणारा माणूस त्या घरात अजून जन्मला नव्हता, आणि जो जन्मला तो नोकरीसाठी कॅनडाला निघून गेला.

दिनानाथ कापड मिलमध्ये हजेरीबाबू होते. मिल बंद पडून जमाना झाला, पण माणसं मोजायची खोड काही गेली नाही. गल्लीतला कोण सकाळी खरंच फिरायला जातो आणि कोण फिरायचे बूट घालून पोह्यांच्या दुकानावर बसतो, लग्नात कोण आहेर देतो आणि कोण नुसताच पाकीट चाचपतो, हे सगळं त्यांच्या डोक्यात तारीखवार नोंदलेलं. बाराशे माणसांची हजेरी घेतलेला माणूस. घरात बायको हे एकच माणूस, त्याची घेण्याचं कधी सुचलं नाही. ते आपलं असणारच, असं धरून चाललेले.

तर त्या माणसाचा पाय माघात गेला.

गणेशजयंतीला मंडळात अथर्वशीर्षाची सहस्रावर्तनं होती. पंचवीस बायका, मांडी घालून, तीन तास. शेजारी बसलेल्या अमिता जोगळेकर दर दहा आवर्तनांनी मांडी बदलत होत्या. ते उषाताईंनी पाहिलं आणि म्हणून स्वतः एकदाही बदलली नाही. आरतीला सगळ्या उठल्या तेव्हा उषाताईंचा उजवा पाय उठला, पाऊल उठलं नाही. ते घोट्यापासून खाली लोंबत राहिलं, ओल्या टॉवेलासारखं.

डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला एक नस असते, ती तीन तास दाबली गेली. साखरेचा आजार वीस वर्षांचा, त्यामुळे नस आधीच अशक्त. येईल परत. सहा महिने, नऊ महिने. तोवर एकच करायचं. पडायचं नाही.

उषाताई आठवड्याच्या आत पडल्या. बैठकीतून आत जाताना बोटं सतरंजीत अडकली. दिनानाथांनी त्यांना काखेत हात घालून उभं केलं आणि म्हणाले, "कापूस आहेस." म्हणताना त्यांच्या कमरेत काहीतरी कट् करून वाजलं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आठ दिवसांनी मात्र भाजी आणायला म्हणून गेले आणि कमरेचा फोटो काढून आले. तिथला डॉक्टर म्हणाला, काकाजी, आता पाण्याची बादलीसुद्धा नाही उचलायची. दिनानाथांनी एक्स-रे गादीखाली ठेवला आणि हिशेब मांडला. ती परत पडली, तर उचलायला घरात कुणी नाही. हे तिला सांगितलं, तर ती घाबरून पडेल. नाही सांगितलं, तर न घाबरता पडेल.

खालच्या मजल्यावरच्या मनीषला तेवढं त्यांनी सांगून ठेवलं. मनीषचं शेव-नमकीनचं दुकान, अंगात ताकद आणि जीभ मोकळी. "टेंशन मत लो काका," तो म्हणाला. "दोपहर दो बजे खाना खाने आता हूँ. काकी को बोलना, उसी टाइम पे गिरें."

*

पायाला आधार घ्यायला दोघं विजय नगरला गेली. डॉक्टरांनीच पत्ता दिला होता. काचेचा दरवाजा, थंड हवा, भिंतीवर प्लास्टिकचे पाय टांगलेले. तिथे कस्तुरी नावाची मुलगी होती, नागपूरची, ह्याच कामाची डिग्री घेऊन दोन वर्षांपूर्वी इंदूरला आलेली. मराठी ऐकताच उषाताईंचा चेहरा सैल झाला आणि पहिली पाच मिनिटं नागपूरच्या कोणकोणत्या मुळ्यांना ती ओळखते यात गेली. ती कुणालाच ओळखत नव्हती. तरी उषाताईंनी तिला घरची मानलं.

कस्तुरीने टेबलावर तीन वस्तू मांडल्या. एक लवचिक मोजा, कातडीच्या रंगाचा. एक पट्टा, घोट्याला बांधायचा आणि त्याच्या दोरीने बोटं वर ओढून धरायची. तिसरी पांढऱ्या प्लास्टिकची पट्टी, इंग्रजी एल अक्षरासारखी, पोटरीमागून खाली येऊन तळव्याखाली जाणारी.

"हा मोजा छान आहे," उषाताई म्हणाल्या. "दिसणारसुद्धा नाही."

"दिसणार नाही आणि कामही करणार नाही काकू. हा मुरगळलेल्या पायाला. तुमचं पाऊल उचलायचं आहे."

"मग हा पट्टा."

कस्तुरीने त्यांचं पाऊल हातात घेऊन डावीउजवीकडे हलवलं. "बोटं नुसती पडत असती तर पट्टा चालला असता. पण तुमचा घोटा बाहेरच्या बाजूला वळतोय, बघा. पट्टा बोटं धरेल, घोटा नाही धरणार. तुम्हाला प्लास्टिकचीच लागेल, मापाची. मोज्यावर घालायची आणि मग बुटात. बुटाशिवाय नाही, फरशीवर सटकते."

मग तिने कागद ओढला आणि विचारलं, "दिवसातून किती चालता?"

"छे गं, आता कुठलं चालणं," उषाताई म्हणाल्या. "संध्याकाळी भाजीला, तेवढंच. गुरुवारी दत्ताच्या देवळात."

कस्तुरीने दिनानाथांकडे पाहिलं. "काका, बरोबर?"

"बरोबर," हजेरीबाबू म्हणाले.

कस्तुरीने लिहून घेतलं. "चालताना नेहमी घालायची हं. विसरायचं नाही."

"चालताना नेहमी," उषाताईंनी मान्य केलं. ह्यात कुणी कुणाला फसवलं नाही. तिघंही खरंच बोलत होती.

साच्यासाठी पायावर ओलं प्लास्टर गुंडाळलं, आठ दिवसांनी पट्टी मिळाली. तिच्यासाठी एक नंबर मोठे काळे बूट घेतले. उषाताई गल्लीतून चालल्या तेव्हा पाऊल सरळ पडत होतं. अमिता जोगळेकर गॅलरीतून बघत आहेत हे त्यांना दिसलं, आणि भाजीवाल्यापर्यंतची चाल त्यांनी जरा लांबवली. परत आल्यावर जिन्यात बूट काढला, बुटाबरोबर पट्टीही निघाली, ती बुटातच खोचून रॅकवर ठेवली आणि अनवाणी आत गेल्या, उजवं पाऊल फरशीवरून सर्र सर्र ओढत.

दिनानाथ हे रोज बघत होते. महिनाभर रोज. त्यांना त्यात काहीच वावगं दिसलं नाही. पायातलं बाहेर, माणूस आत.

*

एप्रिलातला मंगळवार होता, दुपारचे सव्वा वाजले असतील. उषाताईंनी दूध तापत ठेवलं होतं आणि नैवेद्याची वाटी घेऊन त्या ओट्याकडून देव्हाऱ्याकडे वळल्या. घोटा बाहेर वळला. वाटी आधी वाजली, मग त्या.

दिनानाथ आले. आधी गॅस बंद केला. चाळीस वर्षं तिनेच शिकवलेलं, आधी गॅस. मग वाकले, काखेत हात घातले आणि उचललं. तिला अर्धं आणि स्वतःला अर्धं, तिथेच काम थांबलं. कमरेने पुढे जायला नाही म्हटलं. त्यांनी तिला हळूच खाली ठेवलं आणि भिंतीला धरून स्वतःही फरशीवर बसले.

"लागलं कुठे?"

"नाही. वाटीला पोचा पडला असेल." मग त्या म्हणाल्या, "उठवा ना."

"उठवतो. घाई काय आहे."

"तुम्ही का बसलात?"

"तू बसलीस म्हणून."

उषाताईंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. बाईने एकेचाळीस वर्षांत ह्या माणसाला स्वयंपाकघरात बसलेलं पाहिलं नव्हतं, फरशीवर तर नाहीच. फोन बैठकीत वाजला, वाजून थांबला. मुलाचा असेल, कॅनडात मध्यरात्र उलटली की झोपायच्या आधी करतो. घड्याळात एक वीस. मनीषची स्कूटर दोनला.

"देव्हाऱ्याखाली जाळं झालंय," उषाताई म्हणाल्या. "इथून दिसतं."

"हो."

"फ्रिजखाली तो चमचा आहे. आपण कामाच्या शांताबाईवर घेतला होता आळ."

"तू घेतला होतास."

"तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणजे दोघांनी."

दुधावर साय धरली. दोघं फरशीवर पाय पसरून बसलेली, पुढ्यात देव. ते सगळं बघत होते आणि त्यांनी काही मदत केली नाही. दिनानाथांनी ते मनात नोंदलं आणि देवाच्या नोंदी आपण ठेवायच्या नसतात म्हणून खोडलं. त्यांना दमायला झालं होतं. आजचं नाही. ह्या दोन महिन्यांत ती आत गेली की कान तिकडे, भांडं वाजलं की हातातला पेपर खाली. रात्रपाळीची हजेरीसुद्धा इतकी जड नव्हती, कारण ती संपायची.

दोनला पाच कमी असताना स्कूटर वाजली. दिनानाथांनी घसा ताणून हाक मारली. जिन्यात धाडधाड पावलं झाली आणि मनीष स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. "अरे भिया. दोनों?"

"मनीष," उषाताई खालून म्हणाल्या, "चप्पल."

मनीषने पायांकडे पाहिलं. "काकी, पहले आपको उठाऊँ कि चप्पल उतारूँ?"

"चप्पल."

तो गेला, जिन्यात चप्पल काढली, परत आला आणि दोघांना एकामागून एक उभं केलं, पोती रचावीत तसं. जाताना दिनानाथांच्या कानाशी म्हणाला, "काका, मैं रोज दो बजे आऊँगा, वांधा नहीं. पर काकी दस बजे गिरीं, तो चार घंटे बैठोगे क्या?"

*

महिन्याची तपासणी त्याच शुक्रवारी होती. कस्तुरीने पट्टी हातात घेतली, उलटी केली, तळ बघितला, वेल्क्रोवरून बोट फिरवलं. तळावर चार ओरखडे. वेल्क्रो कोरं करकरीत.

"काकू, वापरता ना?"

"रोज वापरते. विचार यांना."

"रोज," दिनानाथ म्हणाले.

मग तिने उषाताईंचा पाय मांडीवर घेतला. अंगठ्याचं नख पुढून घासून झिजलं होतं. दोन बोटांच्या वरच्या बाजूला कातडी सोलून तिथे काळे घट्टे आले होते. कस्तुरी जरा वेळ त्या बोटांकडे बघत राहिली. "काकू, हा पाय रोज बराच चाललाय. पट्टीशिवाय. कुठे चालता?"

"अगं, कुठे चालू? भाजीला जाते ते पट्टी घालूनच."

"आणि घरात?"

"घरात कुठे चालणं असतं?" उषाताई म्हणाल्या. "घरात काम असतं."

कस्तुरीने हातातलं पेन खाली ठेवलं. तिला बहुधा हसायचं होतं, पण त्या बोटांकडे बघून तिला हसू आलं नाही. "बरं. सकाळी उठल्यापासून काय काय काम असतं ते सांगा. एकेक."

उषाताई सांगू लागल्या. उठून न्हाणीघर. दूध घ्यायला दार. ओटा. तुळशीला पाणी, म्हणजे गॅलरी. ओटा ते देव्हारा, फुलं, परत पाण्यासाठी ओटा, परत देव्हारा, मंगळवारी घोटा वळून पडले ते तिथेच. ह्यांचा चहा बैठकीत. ह्यांचा दुसरा चहा. मशीनमधले कपडे गॅलरीत. ह्यांचा चष्मा.

"चष्मा?" कस्तुरीने विचारलं.

"कुठे ठेवतात ते त्यांना माहीत नसतं."

दिनानाथांनी खिशातून डॉक्टरची चिठ्ठी काढली, उलटी केली आणि तिच्यावर रेघा ओढू लागले. चार उभ्या, एक आडवी. मिलमध्ये ओढायचे तशा. घरातलं कुठून कुठे किती पावलं हे त्यांना न मोजता ठाऊक होतं, तीस वर्षं त्याच घरात बसून होते. चिठ्ठी भरली. त्यांनी बेरीज केली, परत केली.

"दोन हजार शंभरच्या वर जातं," ते म्हणाले. "भाजीचं जाऊन-येऊन सहाशे."

दोन हजार शंभर पावलं, रोज, आणि हजेरीपटावर नाव सहाशेवालीचं. त्यातली बैठकीकडे येणारी किती, म्हणजे कुणासाठी, हेही चिठ्ठीवर स्पष्ट दिसत होतं. दिनानाथांनी ती घडी करून खिशात ठेवली.

"मग काय मी बूट घालून स्वयंपाक करू?" उषाताईंनी विचारलं.

"हो," कस्तुरी म्हणाली. "नवे घ्या, घरातलेच, रस्त्यावर कधी न्यायचेच नाहीत. धुवा हवं तर रोज."

"बूट तो बूट. माझे देव आहेत तिथे." त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं. "तो पट्टा दे मला. अनवाणी घालता येतो ना तो?"

"येतो. मागाल तर मी देईन, काकू. पण मंगळवारी तुमची बोटं नाही अडकली, घोटा वळला. पट्ट्यात तुम्ही पुन्हा तशाच पडाल. आणि तुमची साखर बघता हाड जुळायला आणि जखम भरायला—"

"मी सांभाळून चालेन. आणि पडले तर हे आहेत."

दिनानाथ खुर्चीत बसले होते. बसताना दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसावं लागलं होतं, आणि उठायचं कसं याचा विचार ते आत आल्यापासून करत होते. ते म्हणाले, "मी नाही."

"काय?"

"मला तू उचलवत नाहीस, उषा. पहिल्या वेळेसच कंबर गेली. फोटो गादीखाली आहे. डॉक्टरांनी बादलीला नाही म्हटलंय." जरा थांबून ते म्हणाले, "मंगळवारी मी तुझ्याबरोबर बसलो नव्हतो. मी पडलोच होतो."

उषाताईंनी पदर सारखा केला. परक्या मुलीसमोर नवऱ्याने नाव घेऊन हाक मारली होती, तेही एकेचाळीस वर्षांत नवं होतं.

"कापूस म्हणाला होतात," त्या म्हणाल्या.

"तेव्हा होतीस. मग उचललं."

कस्तुरी उठून उगाच पाण्याचा ग्लास आणायला गेली. ग्लास येईपर्यंत दोघं भिंतीवरच्या प्लास्टिकच्या पायांकडे बघत बसली.

पट्टा कपाटातच राहिला. पण घ्यायचं काय ते उषाताईंनी सांगितलं नाही.

*

परतताना दोघं रिक्षात बसली. राजवाड्याकडची गर्दी लागली, रिक्षा कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, त्या जुन्या राजसमाध्यांजवळ, अडकून राहिली. रिक्षावाला समोरच्या बसला मनसोक्त शिव्या देत होता.

"देव हलवू," उषाताई एकदम म्हणाल्या.

"कुठे?"

"बैठकीत. तुमच्या टीव्हीच्या जागी. तिथे मी बसून पूजा करीन, बूट काढून. तुम्ही पाणी आणून द्या." त्यांनी जरा विचार केला. "आणि फुलं. आणि ताम्हण."

दिनानाथांनी नवी कामं मनात लिहून घेतली. बादली नव्हती त्यात, एवढं बरं. "मुहूर्त?"

"माझा पाय पुढच्या मुहूर्तापर्यंत थांबेल काय?" मग रिक्षावाल्याच्या पाठीला टोचून त्या म्हणाल्या, "भिया, आगे कोई स्कूल के जूते की दुकान दिखे तो रोकना. पीटी के सफेद वाले."

रविवारी देव हलले. पाटावर धूतवस्त्र घालून दिनानाथांनी एकेक मूर्ती उचलली, बाळकृष्ण, टाक, शाळिग्राम. हे सगळं त्यांना पेलत होतं. मनीषने आधी जिन्यात चप्पल काढली, मग देव्हारा एकट्याने उचलला, जाळ्यासकट. टीव्ही आतल्या खोलीत गेला. त्यावर दिनानाथांचं मत कुणी विचारलं नव्हतं.

शेवटी देव्हाऱ्याच्या जागी एक छोटी पितळी अन्नपूर्णा उरली.

"ही?" दिनानाथांनी विचारलं.

"ती राहू दे इथे. मसाल्याच्या फळीवर." उषाताई स्टुलावर बसून पांढऱ्या बुटाची नाडी बांधत होत्या, पायात पट्टी, पट्टीखाली मोजा. "ती माहेराहून माझ्याबरोबर आलीये. बाईमाणूस आहे, समजून घेईल."

त्या उठल्या. ओट्याला धरून उभ्या राहिल्या, मग हात सोडला. मनीषने बुटांकडे पाहिलं, उंबऱ्याबाहेरच्या आपल्या चपलेकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

"तू काही बोलू नकोस," उषाताई म्हणाल्या. "तुझा पाय चांगला आहे."

मनीष चहा पिऊन गेला. दिनानाथ बैठकीत पाठीला शेकाची पिशवी लावून आडवे झाले. समोर टीव्हीच्या जागी देव होते, त्यामुळे बघायला विशेष काही नव्हतं. आतून टप टप असा आवाज येऊ लागला, ओट्याकडून फ्रिजकडे, फ्रिजकडून ओट्याकडे. तो ओढलेला सर्र आवाज नव्हता. ते सवयीने मोजू लागले. साठ झाले, सत्तर झाले. ऐंशीच्या पुढे कुठेतरी आकडा चुकला. त्यांनी तो पुन्हा धरायचा प्रयत्न केला नाही. डोळे मिटत होते.

"अहो," आतून हाक आली, "चहा घ्यायला इथे या. आजपासून मी आणून देणार नाही."

ते कुशीवर वळले, हात टेकले आणि हळूहळू उठू लागले.